न्हिराचे कान आणि आठ पायांची चिप

१ फेब्रुवारी, शनिवार

आज मयतीच्या कार्यक्रमात माइक किंचाळला तेव्हा अख्ख्या मांडवाने कानांवर हात दाबले. काळ्या-लाल कपड्यांतल्या म्हाताऱ्या, ढोलवाले, मयताचे भाऊ, झाडून सगळे! न्यामेकये, माझा नवरा, आपल्या साउंड-सेटच्या मिक्सरकडे धावला. आणि आमची न्हिरा स्पीकरच्या भिंतीमागे, माझ्या कापडावर, तशीच झोपलेली. बोटसुद्धा हललं नाही.

बायका हसल्या. "खरी साउंडवाल्याची लेक!" एकजण म्हणाली, "हिचा नवरा कितीही घोरू दे, संसार सुखाचा होणार."

मीही हसले. घरी येईपर्यंत हसतच होते बहुतेक.

आठ महिन्यांची झाली. जन्मल्यापासून सगळे मला तेच म्हणतात — किती गुणी पोर, कशाने म्हणून उठत नाही!

२ फेब्रुवारी, रविवार

तिच्या पाठीमागे मुद्दाम पातेल्याचं झाकण फरशीवर आपटलं. शेजारची कोंबडी फडफडत भिंतीवर चढली. न्हिरा स्वतःच्या पायाचा अंगठा बघत होती.

पुन्हा आपटलं. अंगठाच.

चर्चला गेले नाही. डोकं दुखतंय म्हटलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात ऑप-अॅम्प, म्हणजे ऑपरेशनल अॅम्प्लिफायर, शिकवायला सुरू केला. दरवर्षी मी या दिवसाची वाट बघते. आज नको होता.

पोमा मागच्या बाकावरून म्हणाली, "मॅडम, अॅम्प्लिफायर म्हणजे अॅम्प्लिफायर. बारीक आत, मोठं बाहेर. त्यात दोन जाती कशाला?"

सांगितलं नेहमीचं. ऑडिओ अॅम्प्लिफायर एकाच कामासाठी जन्मलेला. माणसाच्या कानाला ऐकू येतं तेवढंच घ्यायचं, ठरलेल्या पटीत वाढवायचं, आणि स्पीकर हलवायला अंगात जोर ठेवायचा. स्थिर, न हलणारं व्होल्टेज आलं तर त्याला वाट द्यायची नाही — स्पीकर जळेल. ऑप-अॅम्पच्या अंगात तो जोर नाही. मोठा स्पीकर त्याच्याने हलायचा नाही. पण त्याला आत यायची दारं दोन, आणि तो बघतो फक्त दोन दारांमधला फरक. दोन्हीकडून सारखंच आलं तर गप्प. फरक केसाएवढा असला तरी लाखपट करतो. इतका, की मोकळा सोडला तर वेडापिसा. म्हणून बाहेर आलेल्यातलं थोडं परत आत द्यायचं, म्हणजे ताळ्यावर येतो. मग त्याच्याकडून बेरीज करून घ्या, वजाबाकी करून घ्या, मोजमाप करून घ्या. स्थिर व्होल्टेजसुद्धा मोजेल.

"म्हणजे माझी सासू!" पोमा ओरडली. "दोन सुनांमधला फरक तेवढा दिसतो तिला. आणि लाखपट करून गावभर सांगते!"

वर्ग कोसळला. "मग ऑडिओ अॅम्प्लिफायर कोण?" कुणीतरी विचारलं. "आमचा पास्टर! दिसेल ते मोठ्याने!"

हसता हसता फळ्याकडे वळले. परत त्यांच्याकडे तोंड करायला वेळ लागला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

न्यामेकयेला सांगितलं. तो वर्कशॉपमध्ये एका स्पीकरच्या बॉक्समध्ये थरथरणारा नवा कागदी पडदा चिकटवत होता.

"सवय झालीय तिला," तो म्हणाला. "तुझ्या पोटात होती तेव्हापासून माझे सेट ऐकतेय. मासळीवालीला वास येतो का?"

"न्यामेकये, तिला ऐकू येत नाही."

"येतं!"

त्याने तिला माझ्या कडेवरून घेतलं, सर्वात मोठ्या स्पीकरसमोर मांडीवर बसवलं आणि बास चढवला. पत्रे वाजायला लागले. न्हिरा क्षणभर डोळे मोठे करून बघत राहिली — आणि खदखदून हसली!

"बघ! बघ!" तो बसल्या जागी नाचायला लागला. "हसतेय! माझी लेक आहे!"

मी तिच्या छातीला हात लावला. ढोलाच्या कातड्यासारखी थरथरत होती. तिला गुदगुल्या होत होत्या. तिला कडेवर घेऊन मी स्विच बंद केला. आवाज गेला, थरथर गेली, हसू गेलं. मग मी उंच, बारीक शिट्टी लावली, लहान स्पीकरमधून. छाती हलवणार नाही अशी. वर्कशॉपबाहेरचं कुत्रं उठून गेलं. ती माझ्या कानातल्याशी खेळत राहिली.

न्यामेकये म्हणाला, "तुला ती आजारीच हवीय." मी काय बोलले ते लिहीत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सासूबाईंना, एनोंना, त्यानेच सांगितलं असावं. त्या सकाळी अंगणात कसाव्याचे कंद सोलत होत्या. मी बसले तशा म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असलं काही नाही."

मी काही विचारलंच नव्हतं!

"एनो, घराण्याचा काय संबंध—"

"मी सांगून ठेवते. आमच्यात नाही. तुमच्याकडे कुणी असेल तर आठवून बघ, पोरी. आणि हे बाहेर बोलू नकोस. बोललं की चिकटतं."

सुरी इतकी जोरात चालत होती की सालीबरोबर निम्मा कसावा चालला होता.

दिवसभर आठवतेय. आईकडचे, बाबांकडचे. एक मामा उशिरा बोलायला लागला होता म्हणतात. तो धरायचा का? माझ्या पोटातूनच आलं का हे?

१२ फेब्रुवारी, बुधवार

पास्टर येऊन गेले. म्हणाले, रविवारी न्हिराला वेदीपाशी आणा, सगळी मंडळी मिळून प्रार्थना करू, सेट न्यामेकयेचाच. तो हो म्हणाला. मी नाही म्हणाले.

न्यामेकये माझ्याशी बोलत नाही. बाळाशी बोलतो. खूप मोठ्याने.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या इस्पितळात गेले. एकटी. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी खुळखुळा वाजवला, घंटी वाजवली, एक डबा बडवला. मग हात पुसत म्हणाल्या, "नुसतं वाजवून मी सांगणार नाही. बहिरी मुलंसुद्धा नुसतं बघून वळतात, खुळखुळा फसतो. याला यंत्र लागतं."

बाळ झोपलेलं असताना कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोडच्या चकत्या चिकटवायच्या. कानात टिक टिक सोडायची. आवाज पोचला तर आतली नस उत्तर देते. बाळाला काही करावं लागत नाही. उत्तर मात्र इतकं क्षीण, की एका व्होल्टचे दहा लाख तुकडे केले तर त्यातला एक तुकडासुद्धा मोठा.

"मग करा ना!"

"यंत्र कपाटात आहे. दुरुस्त होऊन आलं तेव्हापासून सगळ्यांना एकच दाखवतं — नुसती घरघर. ऐकणाऱ्या मुलालाही तेच, न ऐकणाऱ्यालाही तेच. म्हणून ठेवून दिलं. राजधानीला, अक्राला, नाव घालते, पण तिथे रांग आहे."

मी म्हटलं, मी तांत्रिक संस्थेत हेच शिकवते, बघू का? त्यांनी मुनिरूला बोलावलं. इस्पितळाची यंत्रं तोच सांभाळतो. आमच्या प्रयोगशाळेत मीटर तपासायला आणतो, ओळख आहे. म्हणाला, "मॅडम, उद्या सकाळी या. मी झाकण काढून ठेवतो."

१९ फेब्रुवारी, बुधवार

झाकण काढलेलंच होतं. मी भिंग घेतलं आणि आत बघितलं. बघायला नको होतं.

चकत्यांच्या तारा जिथे आत येतात तिथली चिप बदललेली. जागा ऑप-अॅम्पची. बसवलेली चिप ऑडिओ अॅम्प्लिफायरची. छोट्या स्पीकरला वाजवणारी. दोन्ही आठ पायांच्या काळ्या अळ्या, शेजारी ठेवल्या तर सारख्याच! पाय जुळत नव्हते म्हणून बारीक वायरी ओढून जुळवलेले. आणि दोन दारांपैकी एक सरळ ग्राउंडला बांधून टाकलेलं. म्हणजे फरक काढायचा प्रश्नच नाही. माणसाच्या अंगावर विजेच्या लायनीची घरघर कायम चढलेली असते. कपाळावर जेवढी तेवढीच कानामागे. वजाबाकी केली की ती जाते, आणि नसेचं उत्तर उरतं. ही चिप वजाबाकी करतच नव्हती. घरघर घेत होती आणि घरघर वाढवत होती. इमानदारीत.

जोडणी मात्र सुरेख. सोल्डरचा प्रत्येक टाका चमकदार, गोल. आणि प्रत्येक टाक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका.

माझं नेलपॉलिश. लग्नानंतर न्यामेकयेने ही खूण सुरू केली होती. काम माझं आहे, पुन्हा आलं तर ओळखेन, म्हणायचा.

मुनिरू विचारत होता, "मॅडम, काय झालं?" मी म्हटलं, उष्मा.

संध्याकाळी विचारलं. न्यामेकये शेंगदाण्याच्या रश्श्यात बांकूचा, आंबवलेल्या मक्याच्या उकडीचा, गोळा बुडवत होता. हात तसाच थांबला.

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "इस्पितळाचा स्टोअरवाला म्हणाला, यंत्राच्या आतला एक अॅम्प्लिफायर गेलाय, कंपनी उत्तर देत नाही, तू अॅम्प्लिफायरवालाच ना? मी बसवला. दिवे लागले. पडद्यावर रेघ हलली. तो माझ्या गळ्यात पडला! मी काही घेतलं नाही त्याच्याकडून. चिप माझ्या मिक्सरसाठी ठेवलेली होती. सगळ्यात चांगली. तिचा आवाज किती गोड आहे तुला माहितेय?"

"गोड आवाज नको होता तिथे."

"मला कोण सांगणार? तू तेव्हा अक्राला कोर्सला होतीस."

बांकू गार झाला. मग हळूच, "त्या दोन वर्षांत किती पोरं आली असतील गं?"

मला माहीत असतं तरी सांगितलं नसतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तो जेवला नाही. वर्कशॉपचं दार बंद. आतून रेडिओसुद्धा नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी न्यामेकये कपडे करून दारात उभा. रविवारचा शर्ट! म्हणाला, "चल. माझा टाका मीच काढणार."

मला वाटलं मुनिरू चिडेल. त्याने नुसतं लाल ठिपक्यांकडे बघितलं, मग न्यामेकयेकडे, आणि स्टूल पुढे सरकवलं. "बस, भाऊ. पंखा या बाजूला आहे."

योग्य चिप कुठून आणायची हा घोर होता. मुनिरूने भंगारातलं एक हृदयाची रेघ काढणारं जुनं यंत्र ओढून आणलं. पडदा फुटलेला, चाकं गेलेली. पण त्यालाही अंगावरच्या घरघरीतून बारीक फरकच काढायचा असतो. पुढच्या भागात ऑप-अॅम्प शाबूत होते. मी एकेक मोजून निवडले. त्यांच्या भोवतीचे रेझिस्टरही जोडीजोडीने जुळवले. जोडी जुळली नाही तर वजाबाकीत घरघर उरते.

न्यामेकये म्हणाला, "एवढुशा फरकाला एवढं काय? माझ्या सेटला असला फरक कळतही नाही."

"तुझ्या सेटला नाही कळत."

त्याने मान हलवली. भांडला नाही. हाताला घाम सुटला की थांबायचा, शर्टाला पुसायचा, पुन्हा सुरू. मी सांगेन तिथे, सांगेन तेवढंच. लग्नाला सहा वर्षं झाली, या माणसाने माझं इतकं ऐकलेलं मला आठवत नाही.

शेवटी मी म्हटलं, ठिपका? त्याने मान हलवली, नको.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

लिहायचं आहे. लिहून टाकते.

आधी वॉर्डातल्या एका नर्सचं बाळ घेतलं. दूध पिऊन ढाराढूर. चकत्या लावल्या, टिक टिक सोडली. पडद्यावरची रेघ सुरुवातीला विस्कटलेली, मग हळूहळू निवळत गेली, मग एकामागून एक छोट्या टेकड्या उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाई उभ्याच राहिल्या. "आलं! हे बघा, ऐकतंय पोर!" मुनिरूने टाळी वाजवली, नर्सने त्याला गप्प केलं, बाळ झोपलंय! न्यामेकये भिंतीला टेकून रडत होता. हसत होता आणि रडत होता. "चालतंय," एवढंच म्हणत होता, "चालतंय गं."

मग न्हिरा.

उजवा कान. रेघ निवळली. टेकड्या नाहीत. आवाज वाढवला. नाहीत. आणखी वाढवला. जमीन सपाट. डावा कान. सपाट.

"बिघडलं," न्यामेकये म्हणाला. "पुन्हा बिघडलं. माझ्याच हातचं ते, बिघडणारच. मुनिरू, झाकण काढ."

डॉक्टरीणबाईंनी नर्सच्या बाळाला पुन्हा आणलं. चकत्या त्याच, तारा त्याच.

टेकड्या उभ्या राहिल्या. स्वच्छ.

तो पडद्यासमोर उभा होता. कुणीतरी खुर्ची दिली, ती त्याला दिसली नाही. "मी चांगलं काम केलं," तो म्हणाला. एवढंच. त्याचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंचं बोलणं आज डोक्यात शिरलं. काल नुसतं ऐकलं होतं. कानाचं यंत्र लावून बघू, पण फार आशा धरू नका. आणि — "ऐकणं नसलं तरी चालेल एक वेळ. भाषा नसून चालणार नाही. हातांची भाषा आत्तापासून हवी. घरात. रोज. तुमच्यात कुणाला येते?"

कुणाला येणार?

त्यांनी बहिऱ्या मुलांच्या शाळेचं नाव सांगितलं. पण तिथे चार-पाच वर्षांची झाल्यावर घेतात. तोवर? तोवर ती आमच्या तोंडांकडे बघत बसणार. उघडतात, मिटतात.

एनोंना न्यामेकयेने सांगितलं. त्यांनी डोक्यावरचं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं, आणि आत गेल्या.

६ मार्च, गुरुवार

स्वातंत्र्यदिन. शाळांच्या कवायती, रस्त्यावर बँड. न्यामेकयेने सगळी बोलावणी दुसऱ्यांना देऊन टाकली. शनिवारचा मयतीचा कार्यक्रमही. बॉक्स शेडमध्ये एकावर एक, ताडपत्री घातलेले.

म्हणतो, "आयुष्यभर मी आवाज वाढवत आलो. आणि घरात—"

मी म्हटलं, आवाज वाढवल्याने तिचे कान गेले नाहीत, डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, जन्मापासूनच. त्याने विचारलं, "मग कशाने?"

एनो दारात होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मला ठाऊक होतं त्यांच्या मनात काय असेल — सुनेकडचं. आणि खरं सांगू? मलाही तेच वाटायला लागलंय. आईला फोन करून तीनदा विचारलं, आपल्यात कुणी होतं का? आई रडते आणि म्हणते, नाही गं.

९ मार्च, रविवार

इस्पितळातून मुनिरूचा निरोप. यंत्र रोज चालू आहे. परवा दोन मुलांना ऐकू येतंय म्हणून घरी पाठवलं, त्यांच्या आया वेड लागल्यासारख्या नाचल्या. एका मुलाला नाही येत.

न्यामेकयेला सांगितलं. "त्या तिसऱ्याच्या घरी हातांची भाषा येणारं कुणी आहे का?" एवढंच विचारलं त्याने.

मी न्हिराशी खाणाखुणा करते. ये, दूध, झोप. मीच बनवलेल्या. आज केलेली उद्या विसरते. ती माझ्या हातांकडे बघते, मग तोंडाकडे, मग कंटाळून वळते. ही भाषा नव्हे. हे मलाच कळतं.

१५ मार्च, शनिवार

दुपारी संस्थेतून लवकर आले. अंगणात एनो पाटावर, समोर चटईवर न्हिरा. एनोंचे दोन्ही हात चालले होते. खुणा नव्हेत — बोलणं! भराभर, न अडखळता, भुवया उडवत, गाल फुगवत. न्हिरा हसत होती आणि हात हवेत नाचवत होती.

मी पिशवी खाली ठेवली. "एनो, हे कुठे शिकलात?"

हात थांबले. "बहिणीकडून," त्या म्हणाल्या. "धाकटी होती. ऐकू येत नव्हतं तिला. चौघी आहोत म्हणून सांगायचो आम्ही. होतो पाच." मग खाली बघत, "खरं सांगितलं असतं तर मला या घरात कुणी आणलं असतं, पोरी?"

मला ओरडायचं होतं. ओरडले नाही. विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

एनोंनी तोंड उघडलं, मिटलं. मग दोन बोटं गालाला टेकवली आणि हलकेच पुढे सोडली. "हे. तोंडाने कुणी घेतलंच नाही कधी."

न्यामेकये शेडच्या दारात उभा होता. कधी आला कळलं नाही. त्याने आपली दोन जाड बोटं गालावर दाबली, झटक्यात पुढे केली.

"असं नव्हे रे," एनो म्हणाल्या. "हळू."